नकोकाकांचं ऑनलाइन प्रशिक्षण

"आग लागली तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?" असं तपासणी पथकाच्या बाईंनी विचारलं आणि वॉर्डातल्या मामांनी छाती पुढे काढून खणखणीत उत्तर दिलं, "वरील सर्व!"

झालं. एवढ्या दोन शब्दांनी अधिकाऱ्यांच्या सुखी संसारात माती कालवली.

त्यांच्या दारावर 'प्रशिक्षण अधिकारी' अशी पाटी होती, म्हणून आपणही त्यांना अधिकारीच म्हणू. घरी त्यांना अधिकार असा फारसा नव्हता. हॉस्पिटलातले डॉक्टर, नर्स, मामा, मावश्या, अगदी गेटवरचे पहारेकरीसुद्धा, या सगळ्यांना दरवर्षी नियमांचं ऑनलाइन प्रशिक्षण देणं हे त्यांचं काम. हात कधी धुवायचे, सुई कुठे टाकायची, पेशंटची माहिती कुणाला सांगायची नाही, आग लागली तर काय करायचं. सगळं त्यांनी स्वतः लिहिलेलं, पानामागून पान, आणि शेवटी परीक्षा. परीक्षेचे प्रश्न काढताना मात्र त्यांचा सज्जनपणा आडवा येई. चुकीचे पर्याय लिहायला हात धजत नसे. नियमांच्या बाबतीत खोटं लिहायचं म्हणजे काय! म्हणून ते पहिले तिन्ही पर्याय बरोबरच लिहीत आणि चौथा 'वरील सर्व' असा देत. उत्तर अर्थातच चौथं. प्रत्येक प्रश्नाचं.

त्यामुळे झालं काय, की दरवर्षी सगळ्या हॉस्पिटलला शंभरपैकी शंभर मार्क पडत आणि अधिकारी त्याचा आलेख काढून भिंतीला लावत. आलेख कसला, आडवी रेघ ती. पण मोठी प्रेमानं काढलेली.

मामांच्या उत्तरानंतर मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख. त्या ओरडत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत, तेवढं पुरे असे.

"पथक पुढच्या महिन्यात परत येतंय," चष्मा काढून ठेवत त्या म्हणाल्या. "आपल्या लोकांना नियम खरोखर कळले पाहिजेत. तुमचं ते प्रशिक्षण जरा रंजक करा."

"रंजक?" अधिकाऱ्यांनी असं विचारलं, जणू बाईंनी त्यांना टेबलावर चढून नाचायला सांगितलं होतं.

"नाही जमलं तर बिलाच्या विभागाला तुमची खोली हवीच आहे. आणि तक्रार खिडकीवर माणूस कमी पडतोय."

तक्रार खिडकी! प्रशिक्षणाची खोली मिळण्याआधी उमेदीची वर्षं अधिकाऱ्यांनी त्या खिडकीत काढली होती. चहा गार होता म्हणून तक्रार, चहानं जीभ भाजली म्हणून तक्रार, डॉक्टर हसले नाहीत म्हणून, डॉक्टर हसले म्हणून. तिथून सुटका झाली त्या दिवशी त्यांनी घरी सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. परत तिथं जाऊन बसायचं म्हणजे जिवंतपणी नरक.

शत्रूची ताकद आधी जोखावी, या विचारानं ते वॉर्डात गेले. थोरल्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या मुख्य नर्स. त्या पेशंटची पट्टी बदलत होत्या. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मात्र प्रशिक्षणाची पानं आपोआप भराभर उलटत होती. अधिकारी जवळ गेले. कीबोर्डवरच्या 'पुढे' जाण्याच्या बटणावर गोळ्या कुटायचा बत्ता ठेवलेला होता.

"सिस्टर, हे काय?"

"प्रशिक्षण चाललंय, सर," सिस्टर मान न वळवता म्हणाल्या. "आता रात्रपाळीच्या मावशींचं चाललंय. मग मोठ्या डॉक्टरांचं लावायचंय."

"पण बत्त्यानं?"

"मग काय करू? पेशंट बघू की पानं उलटू? आणि बत्ता अजून एकदाही नापास झालेला नाही हो."

अधिकारी खोलीत परतले आणि भिंतीवरच्या त्या आडव्या रेघेकडे बघत बसले. इतकी वर्षं ते ज्याला घडवत होते, तो एक दगडी बत्ता होता.

घरी त्यांनी पहिलं पान बायकोला वाचून दाखवलं. "हस्तस्वच्छता ही आरोग्यसेवेतील सर्वाधिक महत्त्वपूर्ण अशी प्रतिबंधात्मक उपाययोजना असून तिचे अनुपालन सर्व स्तरांवरील कर्मचाऱ्यांनी..." एवढ्यावर आले तर बायको बसल्या जागी पेंगत होती. शेजारच्या खुर्चीतल्या सासूबाई मात्र टक्क जाग्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "हे रोज वाचत जा माझ्यासमोर. झोपेची गोळी बंद करता येईल."

"अहो, तुम्ही बोलता तसं का लिहीत नाही?" बायको दचकून जागी होत म्हणाली. "मी ओले हात टॉवेलला न पुसता फ्रिज उघडला तर केवढे कडाडता! ते कसं, आठवडाभर लक्षात राहतं."

बातमी ते राहत त्या इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडे आजारी माणसाला औषध आणि अडलेल्या माणसाला सल्ला न मागता मिळतो. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "भीती घाला. किडलेल्या दातांचे फोटो लावा." हात धुण्याशी दातांचा काय संबंध, असं विचारल्यावर ते म्हणाले, "संबंध नसेना, माणूस घाबरतो ना!" समोरच्या बाई म्हणाल्या, बक्षीस म्हणून कुकर ठेवा. पण खरा घाव घातला तो वरच्या मजल्यावरच्या दिग्दर्शकांनी.

दिग्दर्शक जन्मभर विजेच्या मीटरची नोंद घेत हिंडले होते. पण निवृत्तीनंतर त्यांनी इमारतीच्या मुलांची दोन नाटकं बसवली आणि तेव्हापासून ते गळ्यात मफलर घालू लागले. भर उन्हाळ्यातसुद्धा.

"चूक दाखवा, चूक!" मफलर मागे टाकत ते म्हणाले. "बरोबर वागणाऱ्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. जिन्यात नीट चालणारा माणूस बघितलाय कधी कुणी? घसरला की सगळे दारात येतात. आपण सिनेमा काढू. आधी एक माणूस सगळं चुकीचं करेल, त्याच्या तोंडावर लाल अक्षरात येईल 'नको'. मग दुसरा तेच बरोबर करेल, हिरव्या अक्षरात 'हवं'. दिग्दर्शन मी करतो. पैसे नकोत, फक्त नाव मोठ्या अक्षरात घाला."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, सुरुवातीला स्वतःचं भाषण घालायच्या अटीवर. मग पात्रांची निवड सुरू झाली आणि माणसाच्या स्वभावाचं दर्शन घडलं. हॉस्पिटलात बरोबर वागून दाखवायला सगळे तयार! थोरल्या सिस्टर तयार, मोठे डॉक्टर तयार, एरवी टोपी न घालणारे स्वयंपाकघरातले आचारीसुद्धा तयार. चुकीचं वागायला मात्र एक माणूस पुढे येईना. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "सर, 'वरील सर्व' झाल्यापासून घरात माझी पोरं मला हसतात. आता आणखी नको."

"मग राहिलं कोण?" असं म्हणून दिग्दर्शकांनी अधिकाऱ्यांकडे बघितलं.

आता अधिकारी कसे, तर रोज इस्त्रीचे रुमाल दोन. एक वापरायला आणि एक त्या रुमालाला डाग पडला तर. दाराची कडी कोपरानं उघडणारा माणूस. ज्यांना कागदावर चुकीचा पर्याय लिहवत नव्हता, त्यांनी कॅमेऱ्यापुढे चुकीचं वागायचं! पण डोळ्यांपुढे तक्रार खिडकी आली आणि त्यांनी मान डोलावली.

पेशंट म्हणून सासूबाईंना घ्यायचं ठरलं. त्यांना फक्त झोपायचं होतं आणि त्यात त्यांचा हातखंडा होता. पण खाट मिळेना. भांडारवाले म्हणाले, "खाट फक्त पेशंटच्या नंबरावर निघते. पेशंट नाही तर खाट नाही."

"अहो, तासाभरासाठी हवी आहे. नाटकाला."

"नाटकाचा रकाना नाही आमच्याकडे."

शेवटी सासूबाईंना सहा नंबरच्या खाटेवर रीतसर भरती करावं लागलं. भरती झाली म्हटल्यावर मनगटाला पट्टा आला, अंगात तो मागून उघडा असलेला झगा आला आणि समोर बिनमिठाचं सूप आलं. सासूबाईंनी सुपाचा एक घोट घेतला आणि जावयाकडे असं बघितलं, की लग्नात नाही म्हणायचं राहून गेल्याचा त्यांना आज पहिल्यांदा पश्चात्ताप होत असावा.

चित्रण सुरू झालं. बायको मोबाइल धरून उभी. अधिकारी संडासाच्या दारातून बाहेर आले, ओले हात पँटला पुसले आणि त्याच हातांनी सासूबाईंची उशी सारखी केली. दिग्दर्शक ओरडले, "अजून घाणेरडे! नाक खाजवा!" अधिकाऱ्यांनी डोळे मिटून नाक खाजवलं. पुढच्या प्रसंगात वॉर्डाच्या दारासमोरच्या लिफ्टमध्ये उभं राहून त्यांनी चारचौघांत सांगितलं, "त्या सहा नंबरच्या आजी ना? मूळव्याध हो, फार वाढलीय!"

"कुणाला मूळव्याध?" खाटेवरून सासूबाई गरजल्या. "हे ठरलं नव्हतं!"

तेवढ्यात निळा कोट घातलेल्या एक बाई ट्रे घेऊन आल्या, सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, नळीभर रक्त काढलं, कापूस दाबला आणि आल्या तशा निघून गेल्या.

"वा!" दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाले. "काय सहज अभिनय! कोण आहेत या?"

कुणालाच माहीत नव्हतं. त्या खऱ्याच रक्त घेणाऱ्या बाई होत्या. पाच नंबरच्या पेशंटचं घ्यायचं ते घाईत सहा नंबरचं घेऊन गेल्या होत्या. अधिकारी नळी सोडवायला प्रयोगशाळेकडे पळाले, सासूबाई हात धरून ओरडत राहिल्या आणि बायकोनं हे सगळं मोबाइलमध्ये टिपलं, कारण तिला कुणी थांब म्हणालंच नव्हतं. शेवटच्या प्रसंगात आग लागली. अधिकारी सासूबाईंना सोडून लिफ्टनं पळाले आणि जेवणाचा डबा राहिला म्हणून परत आले. दुपारभर थोरल्या सिस्टरांनी हेच सगळं सुंदर, शांत आणि बरोबर करून दाखवलं. ते बघताना दिग्दर्शकांना डुलकी लागली, पण अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले.

जोडकाम करून व्हिडिओ कॉम्प्युटर विभागात गेला आणि तिथून सगळ्यांना बघायला खुला झाला. अधिकाऱ्यांनी स्वतः तो बघितला नाही. स्वतःला नाक खाजवताना बघायची हिंमत झाली नाही त्यांची.

पथक येण्याच्या आदल्या दिवशी ते सकाळी गेटमधून आत शिरले तर पहारेकऱ्यांनी सलाम ठोकला. "या, नकोकाका!"

अधिकाऱ्यांना वाटलं, कानात काही गेलंय. पण पुढे औषधवाले हसले, आचाऱ्यांनी डबा वर करून दाखवला आणि कँटीनमध्ये तर दहाबारा जणी एका मोबाइलवर वाकून, हसून हसून डोळे पुसत होत्या. पडद्यावर अधिकारी लिफ्टमधून डबा घ्यायला परत येत होते आणि त्यांच्या कपाळावर लालभडक 'नको' उमटत होतं. तिथंच व्हिडिओ संपला.

"पुढचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "सिस्टरांचं? हिरवं?"

"पुढं काहीच नाही, सर!"

ते धापा टाकत कॉम्प्युटर विभागात गेले. तिथले संगणकवाले चहा पीत होते. "फाइल मोठी होती हो. वर चढेना. अर्धी कापली."

"कुठली अर्धी?"

"बाईंचं भाषण आणि ते हिरवं. तशी बोअरच होती ती."

"मग आत्ताच्या आत्ता तीही टाका!"

"आता नवीन फाइल म्हणजे समितीची मंजुरी. समिती बसणार पुढच्या महिन्यात."

अधिकारी मनाशी हिशोब करू लागले. म्हणजे सगळं हॉस्पिटल काय शिकलं? हात पँटला पुसावेत, मूळव्याध लिफ्टमध्ये सांगावी आणि आग लागली की डबा वाचवावा! आधी निदान बत्ता शिकत होता, त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी ते वॉर्डावॉर्डातून हिंडले आणि हात जोडून सांगत सुटले, "अहो, तसं करायचं नाही बरं का!" त्यावर लोक आणखीच हसत. घरी जेवण गेलं नाही. बायको पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुम्ही खिडकीत बसलात तर मी रोज येऊन तक्रार करीन. तेवढीच सोबत." त्यांना रडावं की हसावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. त्याच बाई, तोच चष्म्यावरून बघणारा चेहरा. त्या सरळ त्याच वॉर्डात गेल्या आणि सरळ त्याच मामांपुढे उभ्या राहिल्या. मोठ्या बाई मागे, त्यांच्या मागे अधिकारी, दोन्ही रुमाल भिजलेले.

"आग लागली तर काय कराल?"

मामांनी एकदा अधिकाऱ्यांकडे बघितलं. "नकोकाका करतात तसं करायचं नाही, बाई."

"मी काय करायचं ते विचारलं."

"तेच सांगतो ना. नकोकाका लिफ्टनं पळाले, म्हणून आपण जिन्यानं. ते आजीला टाकून पळाले, म्हणून आपण पेशंटला घेऊन. ते डब्यासाठी माघारी आले, तर डबा गेला खड्ड्यात, आपण माघारी यायचं नाही. आणि त्यांनी कुणालाही न सांगता धूम ठोकली, म्हणून आपण आधी ती लाल घंटा दाबायची." मामांनी भिंतीवरची घंटा दाखवली. शेजारच्या दोन मावश्यांनी माना डोलावल्या.

अधिकाऱ्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. हिरवा भाग तर कुणी बघितलाच नव्हता! तो भाग या लोकांना आधीपासूनच येत होता. त्यांना कुणी मजेनं विचारलंच नव्हतं इतकंच.

"आणि हे नकोकाका कोण?" बाईंनी विचारलं.

सगळे छताकडे, सलाइनकडे, कुठेही बघू लागले, फक्त अधिकाऱ्यांकडे नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अधिकाऱ्यांना झालं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजोबांची उशी घसरू लागली. बुडत्याला काडी मिळावी तसे अधिकारी उशीकडे झेपावले.

"नकोकाका, हात!"

सगळा वॉर्ड एका सुरात ओरडला. मामा ओरडले, मावश्या ओरडल्या, सलाइन लावलेले पेशंट ओरडले. आजोबांनी तर उशी ओढून छातीशी कवटाळली आणि पाय जवळ घेतले.

अधिकारी हात वर करून जागच्या जागी थिजले. मघापासून हे हात दोनदा कपाळावरून फिरले होते, रुमालात गेले होते, भिंतीला टेकले होते. मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि ठेवायला टेबल शोधू लागल्या. अधिकारी बेसिनपाशी गेले. साबण घेतला. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. असे हात त्या हॉस्पिटलात कुणी धुतले नव्हते. मग ते परत आले, आजोबांपुढे दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले आणि विचारलं, "आता देता का?" आजोबांनी नीट निरखून बघितलं आणि मग उशी दिली.

पथकाच्या बाई पहिल्यांदाच हसल्या. "मी पुष्कळ हॉस्पिटलं पाहिलीत," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "साहेब चुकला की लोक भिंतीकडे बघतात. इथं पेशंटनं साहेबाला थांबवलं. हे कुणी शिकवलं यांना?"

मोठ्या बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आमचे हे अधिकारी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी 'आमचे' असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

खोली वाचली. बत्ता परत गोळ्या कुटायला लागला. अधिकाऱ्यांनी भिंतीवरची आडवी रेघ काढून टाकली आणि परीक्षेच्या प्रश्नांना चुकीचे पर्याय घालायला बसले. सुरुवातीला प्रत्येक चुकीचा पर्याय लिहून ते लगेच खोडत, पण नंतर नंतर त्यांना त्याची गोडीच लागली.

आठवडा जेमतेम सुखात गेला. मग तक्रार खिडकीतून एक तक्रार त्यांच्याकडे उत्तरासाठी आली. नाव न विचारता, पट्टा न बघता आपलं रक्त काढलं, असं सहा नंबरच्या आजींचं म्हणणं होतं. सासूबाईंनी घरात एका शब्दानं सांगितलं नव्हतं! मोठ्या बाईंनी तक्रार वाचली आणि म्हणाल्या, "रास्त आहे. यावर पुढचा व्हिडिओ करा."

"मी काम करीन," सासूबाई म्हणाल्या, "पण या खेपेला झोपायचं तुम्ही आणि ट्रे माझ्या हातात."

त्याप्रमाणे अधिकारी खाटेवर झोपले. मागून उघडा झगा अंगात, मनगटाला पट्टा. रक्त घेणाऱ्या त्या बाई स्वतः हिरव्या भागासाठी येऊन उभ्या होत्या आणि सासूबाईंना दंडाचा पट्टा कसा बांधायचा ते हौसेनं शिकवत होत्या. वॉर्ड बघायला जमला होता. बायकोनं मोबाइल धरला. दिग्दर्शकांनी मफलर मागे टाकला. सासूबाई निळा कोट घालून, टोपण लावलेली सुई वर धरून, सूड उगवायला निघाल्यासारख्या खाटेपाशी आल्या. पण रक्त घेणाऱ्या बाईंकडे एक नजर टाकून त्या थांबल्या आणि नियमाप्रमाणे, अगदी स्पष्ट आवाजात त्यांनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

अधिकाऱ्यांनी मनगट पुढे केलं आणि तितक्याच स्पष्ट आवाजात सांगितलं, "नकोकाका."